घरच्या राउटरवरचं वायरगार्ड सारखं तुटतंय

मंडळी, वैताग आलाय. घरच्या राउटरवरून एका भाड्याच्या सर्व्हरला वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी बोगदा) जोडलंय, बाहेरून घरच्या नॅसवर (फायली साठवायच्या डब्यावर) जायला. थोडा वेळ वापरलं नाही की बाहेरून लागतच नाही, मग बायकोला फोन करून घरून त्या सर्व्हरला पिंग मारायला (एक छोटं पॅकेट पाठवायला) सांगायचं, की लगेच जिवंत! राउटर बदलला तरी तेच.

— घरून हलवलं की उठतं ना, मग हा नॅटचाच (घरची सगळी यंत्रं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) खेळ. वायरगार्ड काम नसेल तर गप्प बसतं, तेवढ्यात मधला नॅट नाहीतर इंटरनेट कंपनीचा सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता देणारा नॅट) त्याच्या यूडीपी जोडणीची नोंद, म्हणजे बाहेरून आलेलं घरात कुठे पाठवायचं ते, पुसतो, बाहेरून आलेलं पॅकेट जाणार कुठे? पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाक (दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट जातं, नोंद जिवंत राहते), घरच्या बाजूला, सर्व्हरवर नको.

— एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) पण बघ. पीपीपीओई (लॉगिन करून कंपनीला जोडायची पद्धत) असेल तर १५०० मधले ८ बाइट तिथेच जातात. मी १४१२ ठेवलंय, वायरगार्डच्या नेहमीच्या १४२० ला मोठ्या फायली अडकायच्या.

— २५ टाकलं, कालपासून एकदाही फोन करावा लागला नाही, बायको खूश! एमटीयूला हात नाही लावला, चालतंय तर कशाला.

— एखादी दोन जीबीची फाइल ओढून बघ, मग बोलू.