परदेशी विद्यार्थ्यांना औषधनिर्माणशास्त्राची ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न : अध्यापिका, पुणे
आमच्याकडे बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला यंदा टांझानिया, सुदान आणि नेपाळचे विद्यार्थी आले असून, नियमित तासिका सुरू होण्यापूर्वी त्यांना विषयाची ओळख करून देण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. विषयाच्या शाखा आणि व्याख्या यांपासून आरंभ केला, तर विद्यार्थ्यांचे मन पहिल्याच दिवशी उडेल, अशी भीती वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : प्राध्यापक, फार्मास्युटिक्स
मॅडम, वर्गात न बसवता त्यांना थेट प्रयोगशाळेत न्या आणि डिसइंटिग्रेशनची, म्हणजे गोळी किती वेळात फुटते याची, चाचणी दाखवा. ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात जाळीच्या नळ्या खालीवर होऊ लागल्या, की पॅरासिटामॉलची साधी गोळी डोळ्यांदेखत फुटते; विनालेपाच्या गोळीला इंडियन फार्माकोपियाने (भारताच्या अधिकृत औषधमानक ग्रंथाने) १५ मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. त्यानंतर एन्टेरिक कोटिंगची (जठरात न विरघळणाऱ्या लेपाची) गोळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा. ती दोन तास जशीच्या तशी राहते, मात्र ६.८ पीएचच्या बफरमध्ये (आतड्यासारखी आम्लता कायम राखणाऱ्या द्रावणात) टाकल्यावर विरघळू लागते. असे का होते, हे विद्यार्थी आपणहून विचारतील आणि त्या एका प्रश्नातून जठर व आतडे यांच्या कार्यापासून लेपातल्या पॉलिमरच्या रसायनापर्यंत सगळे विषय ओघाने येतील. शाखांची नावे नंतर सांगितली तरी चालतात.

उत्तर २ : स्टॅबिलिटी (औषधाचा टिकाऊपणा तपासणारा) विभाग, औषध कंपनी
याला हवामानाची जोड अवश्य द्या, कारण या मुलांचे देश एकमेकांहून फार वेगळे आहेत. समशीतोष्ण प्रदेशासाठी औषध दीर्घकाळ २५ अंश व ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून तपासतात, तर उष्ण व अतिदमट प्रदेशासाठी ३० अंश व ७५ टक्के आर्द्रतेत. एकाच गोळीला एका बाजारपेठेत साधी ब्लिस्टर पट्टी (प्लॅस्टिकच्या कप्प्यांची) पुरते आणि दुसरीकडे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम का लागते, हे त्यांना दोन पट्ट्या हातात देऊन दाखवावे.

उत्तर ३ : गुणवत्ता नियंत्रण, मुंबई
वरील दोन्ही सूचना उत्तम आहेत, परंतु आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांसमोर डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवाचा विषय टाळू नये, असे मला मनापासून वाटते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाच्या द्रव स्वरूपात ते द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभराहून अधिक जण दगावले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रवाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे (ग्लिसरिनमुळे) १४ रुग्णांचा बळी गेला, ज्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. २०२२ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशातील बालमृत्यूंच्या पार्श्वभूमीवर जागतिक आरोग्य संघटनेने हेच विष आढळलेल्या, भारतात बनलेल्या चार सिरपांविषयी इशारा दिला. हे विष मूत्रपिंडे निकामी करते, तरीही दिसायला व चवीला ते ग्लिसरिनसारखेच असल्याने केवळ पाहून ओळखता येत नाही. म्हणून कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची ओळख पटवणे का अनिवार्य आहे, हे गॅस क्रोमॅटोग्राफसमोर (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रासमोर) उभे राहून, भारताची बाजू सावरून न घेता सांगावे.