मदत हवी आहे: एक्स्प्लोररच ठेवावा की डबल कमांडर टाकावा?

मंडळी, सांगलीत विश्रामबागला छोटं ऑफिस आहे. सगळी मशीन विंडोज ११, काम नोड आणि जावाचं. नवीन मुलांसाठी एकच फाइल मॅनेजर ठरवायचाय: विंडोजचा स्वतःचा एक्स्प्लोरर, की टोटल कमांडर किंवा डबल कमांडर, म्हणजे शेजारी-शेजारी दोन पॅनेल दाखवणारे वेगळे प्रोग्राम.

एक्स्प्लोररला २२एच२ पासून (विंडोज ११ चं २०२२ चं अपडेट) टॅब आले, रोजचं भागतं. अडतं ते नोड मॉड्यूल्सपाशी (नोडच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचं फोल्डर). फोल्डर साधं डिलीट केलं की तो आधी हजारो बारीक फायली मोजत बसतो, मग रिसायकल बिन. शिफ्ट-डिलीटने थोडा फरक पडतो. कमांड प्रॉम्प्टमधलं 'आरडी /एस /क्यू' झटपट. दुसरी कटकट पाथच्या २६० अक्षरांची. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांचा साठा) 'लाँगपाथ्सएनेबल्ड' १ केलं तरी एक्स्प्लोरर जुमानत नाही, कारण लांब पाथ चालतो असं प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्येही (प्रोग्रामसोबतची माहितीची फाइल) लिहिलेलं लागतं.

टोटल कमांडरचं कंट्रोल+एमचं घाऊक नामांतर आणि दोन पॅनेलमधल्या फोल्डरांची तुलना, बिल्ड (कोडपासून तयार झालेल्या फायली) तपासायला याला तोड नाही. पण तो शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून बघा, मग लायसन्स विकत घ्या. डबल कमांडर फुकट, शिवाय लिनक्सवरही चालतो, म्हणून कल तिकडे आहे.

विचारायचं एवढंच: डबल कमांडरमध्ये टॉर्टॉइजगिटच्या (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटचा विंडोजवरचा प्रोग्राम) फायलींच्या आयकॉनवरच्या हिरव्या-लाल खुणा चालू ठेवल्या तर मोठ्या रेपोची (गिटमधल्या प्रोजेक्टच्या फोल्डरची) यादी उघडायला रखडते का? (एक्स्प्लोररमध्ये अशा खुणांना मोजक्याच जागा, त्यातल्या बऱ्याच वनड्राइव्हच अडवतो.) आणि शिफ्ट+एफ८ ने थेट डिलीट करताना २६० च्या पुढचे पाथ निघतात का? कोणी वापरत असेल तर नुसतं सेटिंगचं नाव सांगा, तेवढं पुरे.