'प्रोटिओमिक्स'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'गुंतागुंतीचा आजार' बरोबर आहे का?

रानजाई:
रक्तातली किंवा टिश्यूमधली प्रोटीन्स तपासून अवघड आजार कसे समजून घेतात आणि त्यावरून उपचार कसे ठरवतात यावर मराठीत लिहितेय, पण दोन शब्दांशी अडलेय. एक प्रोटिओमिक्स, दुसरा कॉम्प्लेक्स डिसीज. सध्या 'प्रथिन विश्लेषण' आणि 'गुंतागुंतीचे आजार' असं लिहून ठेवलंय. शब्द जड नकोत, वाचणाऱ्याला काय चाललंय ते कळायला हवं.

अक्षरवेडा:
'गुंतागुंतीचे आजार' आधी काढाच. ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, बाळंतपणात गुंतागुंत झाली असं आपण रोज म्हणतो, तिथे अर्थ कॉम्प्लिकेशनचा असतो, म्हणजे डायबेटिस झाला आणि पुढे किडनीवर परिणाम झाला तर ती गुंतागुंत. तुम्हाला म्हणायचंय ते वेगळं आहे, की आजाराला एकच एक कारण नाही, कितीतरी जीन्सचा थोडाथोडा वाटा आहे आणि वर वय, आहार, इन्फेक्शन वगैरे. सिकल सेल घ्या. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, बदल एवढाच, म्हणून तो त्या अर्थाने कॉम्प्लेक्स आजार नाहीये, पण त्या पेशंटला गुंतागुंती मात्र खूप होतात. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर वाचणारा चुकीच्या वाटेला लागणार. 'बहुकारणी आजार' लिहा, पहिल्यांदा वाचतानाही अर्थ लागतो.

रानजाई:
बहुकारणी छान आहे, घेतला. 'प्रथिन विश्लेषण' मात्र बरोबर वाटतंय ना?

लॅबवाली:
मी पॅथॉलॉजीत आहे म्हणून सांगते, चुकीचं नाही पण फार मोघम आहे. रक्तातलं टोटल प्रोटीन मोजलं, लघवीत प्रोटीन जातंय का बघितलं, तरी तेही प्रथिन विश्लेषणच झालं. आणि नुसतं 'प्रथिन' म्हटलं की निम्म्या लोकांना ताटातलं प्रथिन आठवतं. प्रोटिओमिक्समध्ये एकेक प्रोटीन सुटं बघत नाहीत, त्या पेशीत त्या वेळी कुठकुठली प्रोटीन्स आहेत, किती आहेत आणि कुठल्या रूपात आहेत हे सगळं एकदम बघतात. त्या सगळ्या संचाला प्रोटिओम हा शब्द मार्क विल्किन्सने १९९४ मध्ये दिला. मला त्याला 'प्रथिनसंच' बरा वाटतो. माणसात प्रोटीन बनवणारे जीन्स साधारण २०,००० आहेत आणि लिव्हरच्या पेशीत काय किंवा मेंदूच्या पेशीत काय, ते जवळपास सारखेच असतात, पण संच दोन्हीकडे वेगळा, शिवाय ताप आला, औषध घेतलं, नुसती रात्र झाली तरी तो बदलतो, आणि त्याच प्रोटीनवर फॉस्फेट चिकटलं की त्याचं काम बदलू शकतं, हे जीन्स वाचून कळत नाही.

उपचार यावरून कसा ठरतो त्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण अमायलॉइडोसिसचं. यात एखादं प्रोटीन चुकीची घडी पडून हृदयात, किडनीत साचत जातं. बायोप्सीचा तुकडा काँगो रेडने रंगवून पोलराइज्ड प्रकाशात धरला की साठा हिरवट चमकतो, म्हणजे अमायलॉइड आहे हे कळलं, पण कुठल्या प्रोटीनचं? अशी प्रोटीन्स तीसहून जास्त आहेत आणि चमक सगळ्यांची तीच. मग लेझरने तेवढाच साठा कापून घेतात, ट्रिप्सिन घालतात, ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी प्रोटीनचे तुकडे करतं, आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांच्या वजनावरून मूळ प्रोटीन कोणतं ते सांगतो. लाइट चेन (अँटीबॉडीचा एक तुकडा) निघालं तर दोष बोन मॅरोतल्या प्लाझ्मा पेशींचा, त्यांच्यावर केमो वगैरे द्यावी लागते. ट्रान्सथायरेटिन निघालं तर ते मुख्यतः लिव्हरमधून येतं, तिथे टॅफामिडिससारखं, त्या प्रोटीनचे जोडलेले भाग सुटे होऊ न देणारं औषध, आणि अशा पेशंटला केमो दिली तर फायदा शून्य, त्रास पूर्ण. हृदयाचा त्रास दोघांचा सारखाच दिसू शकतो! म्हणून मला 'विश्लेषण' शब्द कोरडा वाटतो, इथे ओळख पटवणं चाललंय.

अक्षरवेडा:
ओळख पटवणं, हे पटलं. मग रक्ताच्या एका थेंबातून सगळे आजार कळतील असं जे छापतात ते खरं का?

लॅबवाली:
तसं लिहू नका, कळकळीने सांगते. प्लाझ्मातलं, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातलं, निम्म्याहून जास्त प्रोटीन एकटं अल्ब्युमिन असतं, लिटरला ३५ ते ५० ग्रॅम, आणि इंटरल्यूकिन-६ सारखं, दाहाचा निरोप पोचवणारं प्रोटीन निरोगी माणसात मिलिलिटरला काही पिकोग्रॅम (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग), म्हणजे भर बाजारात कुणीतरी कुजबुजतंय आणि ते ऐकायचंय. आधी अल्ब्युमिन बाजूला काढावं लागतं, ते काढताना त्याला चिकटलेली कामाची प्रोटीन्सही जातात.

दुसरं, बायोमार्करला, म्हणजे आजाराची खूण देणाऱ्या प्रोटीनला, 'जैवसूचक' म्हणा, पण 'कारणीभूत प्रोटीन' अजिबात नको. सीआरपी हे रक्तातलं प्रोटीन वाढलं की शरीरात दाह आहे हे कळतं, हार्टचा धोका जास्त असलेल्यांतही ते वाढलेलं सापडतं, पण जन्मतः ज्यांच्या जीन्समुळे सीआरपी जास्त असतं त्यांना हार्टचा आजार त्यामुळे जास्त होत नाही, म्हणजे ते सूचक आहे, कारण नाही. उलट पीसीएसके९ हे प्रोटीन जन्मतः कमी असेल तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी राहतं आणि हार्टचा आजारही कमी होतो, म्हणून त्याच्यावर औषधं निघाली. पेशंटच्या घरचे रिपोर्टमधला आकडा खाली आणायच्या मागे लागतात, ते या दोन शब्दांच्या घोळामुळेच.

रानजाई:
मग असं लिहू का: 'बहुकारणी आजारात पेशंटच्या प्रथिनसंचात काय बदललंय ते एकत्र तपासून, त्यातलं सूचक कोणतं आणि कारण कोणतं हे वेगळं करायचा प्रयत्न म्हणजे प्रोटिओमिक्स'?

लॅबवाली:
'तपासून'च्या आधी 'निरोगी माणसांच्या तुलनेत' घाला आणि शेवटी 'आजार समजून घेण्यासाठीचं प्रोटिओमिक्स' करा, कारण प्रोटिओमिक्स वनस्पतींचं, जंतूंचंही असतं. प्रोटिओमिक्स शब्द तसाच ठेवा, रिपोर्टवर तोच येतो.