मदत हवी आहे: 'स्टर' प्रत्यय फक्त बायकांसाठीच होता का?

नववीच्या मुलांसाठी इंग्रजी प्रत्ययांवर पाठ तयार करतेय, 'स्टर'पाशी अडलेय. जुन्या इंग्रजीत तो काम करणाऱ्या बाईसाठी लागायचा, इथवर ठीक. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी. १७व्या शतकात कायद्याच्या कागदांत ती अविवाहित स्त्री झाली आणि इंग्लंडच्या विवाहनोंदींत २००५ पर्यंत टिकली. वेबस्टर कापड विणणारी, बॅक्स्टर पाव भाजणारी. आता ही नुसती आडनावं. सीमस्ट्रेसमध्ये तर 'स्टर'चा स्त्रीवाचक अर्थ विसरल्यामुळे पुढे 'एस' हा आणखी एक स्त्रीवाचक प्रत्यय जोडला गेला. मुलांना हे नक्की आवडेल.

पण बॅक्स्टरचं जुनं रूप पुरुषांनाही वापरलेलं दिसतं. बॉसवर्थ-टोलर हा जुन्या इंग्रजीचा कोश आणि ऑनलाइन व्युत्पत्तिकोश पाहून झाले. उत्तर इंग्लंडमध्ये हा प्रत्यय दोघांनाही चालायचा, यापलीकडे फारसं हाती लागलं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची वर्गणी शाळेला परवडत नाही. गँगस्टर, यंगस्टर नंतरचे, ते नकोत.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या करनोंदींत पुरुषाच्या नावापुढे वेबस्टर किंवा बॅक्स्टर लिहिलेलं फुकट कुठे वाचायला मिळेल? आणि मुलांना 'स्टर म्हणजे बाई' इतकंच सांगितलं तर ते चुकीचं ठरेल का?