स्वातंत्र्याची भाषा आणि घरातली बरकत यांचा नेमका संबंध काय?

तापीकाठचा मास्तर (चोपडा तालुका)

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात वर्गात वक्तृत्वाचा सराव घेतला, तेव्हा जवळजवळ प्रत्येक भाषणात 'स्वातंत्र्य' आणि 'समृद्धी' हे दोन शब्द औताला जुंपलेल्या बैलजोडीसारखे एकत्रच आले. एक मुलगी मात्र भाषण मध्येच थांबवून म्हणाली, "सर, माझ्या वडिलांना केळी कोणालाही विकायचे स्वातंत्र्य आहे. मग व्यापारी बागेत आला की तेच त्याच्यापुढे हात जोडून का उभे राहतात?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

केळी पिकवणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. बोर्डाचा भाव, म्हणजे बाजार समितीचा दर, रोज जाहीर होतो, तो मोबाइलवर सगळ्यांना दिसतो. पण माल तयार होऊन आठ-दहा दिवस गेले, वरून ऊन तापले, की झाडावरचा घड मालकाचे ऐकत नाही, आणि व्यापारी बोर्डापेक्षा क्विंटलमागे दोन-तीनशे रुपये कमी सांगून मोकळा होतो. कायद्याने पाहिले तर या व्यवहारात कोणीच कोणावर जबरदस्ती केलेली नसते.

आमच्या पाठ्यपुस्तकांत स्वातंत्र्य एका प्रकरणात येते आणि विकास दुसऱ्या प्रकरणात. पुढारी मात्र भाषणात दोन्ही एका श्वासात सांगतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटते. म्हणून जाणकारांना विचारतो. स्वातंत्र्याची राजकीय भाषा समृद्धी आणते, की समृद्ध झालेले लोक मागाहून ती भाषा बोलू लागतात? की हे दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी चालतात आणि आपण उगाच त्यांची गाठ मारतो? शक्यतो आपल्या भागातील उदाहरणे द्यावीत, म्हणजे मुलांना ती पडताळून पाहता येतील.

गिरणेचा काठ

सर, नमस्कार. त्या मुलीचे कौतुक केले पाहिजे. तिने विचारलेला प्रश्न आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या मुळाशी होता, आपणच तो मधल्या काळात विसरलो.

आपल्याकडे स्वातंत्र्याची भाषा सुरुवातीला हिशेबाची भाषा होती. दादाभाई नौरोजींनी आधी अनेक वर्षे आकडे मांडले: इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, त्यांची निवृत्तिवेतने, कर्जावरचे व्याज, आणि मोबदला न मिळता देशाबाहेर जाणारा माल. हे सगळे मांडून झाल्यावर १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदावरून त्यांनी 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. म्हणजे गरिबीचे कारण शोधता शोधता ते स्वराज्यापर्यंत पोहोचले.

तीच गोष्ट आपल्या फैजपूरची. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा एका खेड्यात भरले, ते पूर्व खानदेशात. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या वस्तूंतून अधिवेशननगर सजवले होते, आणि धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखी इथली माणसे त्यासाठी राबली होती. एवढे आपण दरवर्षी आठवतो. पण त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला, तो फारसा कोणी वाचत नाही. जमिनीचा खंड (भाडे) आणि शेतसारा कमी करावा, न परवडणाऱ्या लहान जमिनींना त्यातून सूट द्यावी, वेठबिगार बंद करावी, कुळाला जमिनीवर कायमचा हक्क मिळावा, कर्जाचे ओझे हलके करावे, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी कायद्याने ठरवून द्यावी, अशा त्यातील मागण्या होत्या. स्वातंत्र्य या शब्दाला तिथे इतके बारीक कलम लावले गेले होते.

त्या कलमांना फळ यायला वेळ लागला, पण ते आले. मुंबई प्रांतात १९३९ साली कुळांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला, १९४८ साली त्याहून व्यापक कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानले गेले. सगळ्यांना जमीन मिळाली नाही. अनेक ठिकाणी मालकांनी आधीच कुळांना हुसकावले होते. तरीही ज्यांच्या सातबाऱ्यावर नाव चढले, त्यांच्या दोन पिढ्यांनंतरच्या घरांकडे पाहा आणि ज्यांचे नाव चढले नाही त्यांच्या घरांकडे पाहा. माझ्या गावात हा फरक गल्लीगणिक दाखवता येतो.

आता उलट बाजूचे उदाहरण देतो, कारण स्वातंत्र्याच्या नावाने घातलेले कुंपणही आपण पाहिले आहे. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली. व्यापाऱ्याच्या लुटीपासून शेतकऱ्याला मुक्त करायचे, ही त्यामागची भूमिका होती, आणि ती भूमिका प्रामाणिक होती असेच मी मानतो. पण व्यापाऱ्यापासून मुक्त झालेल्या शेतकऱ्याला सरकारशिवाय दुसरे गिऱ्हाईक उरले नाही. माझ्या वडिलांबरोबर मी खरेदी केंद्रावर गाडीखाली दोन रात्री झोपलो आहे. तिसऱ्या दिवशी ग्रेडरने, म्हणजे प्रत ठरवणाऱ्याने, गाडीतून चिमूटभर कापूस ओढून पाहिला आणि खालची प्रत लावली. वडील काही बोलले नाहीत, कारण गाडी परत नेऊन दुसरीकडे रिकामी करण्याची सोयच नव्हती. चुकारे हप्त्याहप्त्याने यायचे. त्याच वर्षांत सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खेतिया आणि सेंधव्याच्या बाजारात भाव चांगला मिळतो म्हणून लोक रात्री आडवाटेने कापूस नेत, आणि आपल्याच शेतातला माल विकल्याबद्दल चोरासारखे पकडले जात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बंधमुक्तीची भाषा केली तेव्हा ती खानदेशात एकदम का भिडली, हे ज्यांनी त्या रात्री पाहिल्या त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की स्वातंत्र्य हा शब्द ऐकला की लगेच विचारावे: कोणापासून, आणि कोणत्या व्यवहारात? त्या मुलीच्या वडिलांना विकण्याचे स्वातंत्र्य आहे, न विकण्याचे नाही. माझ्या वडिलांना तर दोन्ही नव्हते.

अमळनेरी

गिरणाकाठच्या भाऊंशी मी सहमत आहे, पण उद्यमाच्या स्वातंत्र्याला त्यांनी थोडक्यात आटोपले. आमच्या अमळनेरात २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी स्थापन झाली, तीच आजची विप्रो. गावातील अनेक साध्या घरांनी तिचे थोडेथोडे शेअर घेतले आणि पिढ्यानपिढ्या सांभाळले. त्यातून झालेली भरभराट कोणत्याही सरकारी योजनेने दिलेली नाही. २४ जुलै १९९१ रोजी नवे औद्योगिक धोरण आले आणि बहुतेक उद्योगांची परवान्याची अट उठली. तो दिवस माझ्या लेखी १५ ऑगस्टच्या पंगतीत बसतो. परवाना मागायला दिल्लीला खेटे घालणारा माणूस मतदान करत असला तरी पूर्ण स्वतंत्र नव्हता.

सातपुड्याच्या पायथ्याहून (शहादा)

अमळनेरच्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे, पण शेअर सांभाळून ठेवण्यासाठी घरात आधी तेवढे धान्य असावे लागते, ही गोष्ट मला त्यात जोडायची आहे.

आमच्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपते आणि आखाजीलाच नवे साल ठरते. लहानपणी आमच्या ओट्यावर हा व्यवहार मी दरवर्षी पाहत असे. सालदार आणि त्याची बायको खाली बसत, आजोबा वही उघडत, गेल्या वर्षीची उचल, म्हणजे आगाऊ नेलेले पैसे आणि धान्य, वाचून दाखवत. दवाखान्याचे इतके, लग्नाचे इतके, पावसाळ्यात नेलेल्या ज्वारीचे इतके. बेरीज सालाच्या रकमेच्या वर गेलेली असे. मग आजोबा विचारत, "काय रे, राहतोस ना?" त्या दिवशी तो माणूस कायद्याने पूर्ण मोकळा होता आणि कुठेही जाऊ शकत होता. तो दरवर्षी मान डोलवायचा. मी ज्या घरात वाढले त्या घराची बरकत त्या मान डोलवण्यावर उभी होती, हे मला फार उशिरा कळले, आणि ते इथे लिहिल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही असे वाटते.

याच भागात १९७० नंतरच्या काही वर्षांत अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या पुढाकाराने भिल्ल आदिवासींची चळवळ उभी राहिली. कर्जापायी हातून गेलेल्या जमिनी परत द्या आणि सालदाराच्या कामाला रास्त मोबदला द्या, असे त्या लोकांचे साधे म्हणणे होते. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ साली झाला आणि वेठबिगारी रद्द करणारा केंद्राचा कायदा १९७६ साली आला. कायदे कागदावर उशिराने आले, पण मोर्चात पहिल्यांदा मान वर करून बोललेल्या माणसाने पुढच्या आखाजीला उचलीची बेरीज पुन्हा वाचायला लावली. आमच्या ओट्यावरही हे घडले. आजोबा त्या दिवशी चिडले होते आणि माझ्या आजीने मात्र बेरीज खरोखर चुकली असल्याचे सांगितले.

सर, आपण विचारले आहे की भाषेने समृद्धी येते का. त्या सालदाराच्या घरी भाषेने पहिल्या वर्षी दोन पोती ज्वारी जास्त आली. त्याचा मुलगा पुढे दहावीपर्यंत शिकला.

पाझर तलाव ७२

सर्वांनी चांगले लिहिले आहे. मी फक्त बोलण्याच्या आणि छापण्याच्या स्वातंत्र्याबद्दल भर घालतो, कारण त्याचा पोटाशी संबंध नाही असे अनेकांना वाटते.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. मजुरी थोडी होती, मिळणारा लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) घशाखाली उतरत नसे, आणि दुपारी मुलांना सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटत. तरी माणसे जगली. कामे निघाली याचे कारण असे की मोर्चे निघत होते, विधानसभेत विरोधी आमदार सरकारला धारेवर धरत होते आणि वर्तमानपत्रे रोज गावांची नावे छापत होती. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. याच्या बाजूला १९४३ चा बंगाल ठेवावा. तिथे लोकांना जाब विचारता येईल असे सरकार नव्हते आणि लाखो माणसे मेली. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात त्याहून कितीतरी अधिक माणसे गेली, कारण खालून वर जाणारे खरे आकडे सांगण्याची कोणाला मुभा नव्हती. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा जगापुढे मांडला.

कोणी सिंगापूरचे नाव घेईल म्हणून तेही सांगतो. तिथे राजकीय मोकळीक कमी असूनही संपत्ती वाढली, हे खरे आहे. दक्षिण कोरियाही १९८७ पर्यंत बराच काळ लष्करी वळणाच्या राजवटीत वाढला. पण कोरियाने त्याआधी, १९५० च्या सुमारास, कुळांना जमीन वाटून टाकली होती, हे विसरू नये. एकट्या देशाच्या उदाहरणावर निकाल देता येत नाही. अनेक देशांची अनेक दशकांची आकडेवारी तपासून अर्थशास्त्रज्ञ डॅरन असेमोग्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली असा निष्कर्ष काढला की लोकशाहीकडे वळलेल्या देशांचे दरडोई उत्पन्न सुमारे पंचवीस वर्षांत, ते न वळते तर असते त्यापेक्षा, साधारण वीस टक्क्यांनी अधिक होते. हा परिणाम हळूहळू येतो. एका निवडणुकीत तो दाखवा असे कोणी म्हणाले तर दाखवता येणार नाही.

तापीकाठचा मास्तर (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. शहाद्याच्या ताईंचा मजकूर मी वर्गात वाचून दाखवला. वाचताना दोनदा थांबावे लागले.

गिरणाकाठच्या भाऊंनी 'न विकण्याचे स्वातंत्र्य' हा शब्द दिला, तो मुलांनी लगेच उचलला. कापसाबद्दल बोलताना एका मुलाने सांगितले की आता एकाधिकार नाही, सीसीआयचे (केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाचे) केंद्र हमीभावाने घेते. पण ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की तिथे माल नाकारतात, आणि दसऱ्याच्या आसपास पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच असतो. घरात वाळवायला जागा नाही, दुकानदाराची उधारी तोंडावर आहे, म्हणून तो दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावोगाव फिरून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, जातो. जागा आणि महिनाभराचा खर्च, एवढ्या दोन गोष्टी हाती असत्या तर तोच कापूस हमीभावाने गेला असता, हे त्यांनीच फळ्यावर मांडले. स्वातंत्र्याची इतकी नेमकी व्याख्या मी त्यांना कधी शिकवली नव्हती.

पहिला प्रश्न विचारणाऱ्या मुलीने घरी एक वही सुरू केली आहे. बोर्डाचा भाव, व्यापाऱ्याने सांगितलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव, असे तीन रकाने तिने पाडले होते. काल तिने चौथा वाढवला: माल आणखी किती दिवस थांबू शकला असता. तीन कटाईंच्या नोंदी झाल्या आहेत आणि तिचे वडील आता स्वतःहून आकडा सांगतात. कापसासाठी अशी नोंद कोणी ठेवत असेल, तर ओलाव्याचा रकाना कसा भरता तेवढे कळवावे. आमच्याकडे ओलावा मोजायचे यंत्र नाही आणि केंद्रावर गेल्याशिवाय तो समजत नाही.