कढीपत्त्यावर अळ्या आल्यात, फवारू का? (गॅलरीत फुलपाखरं आणि शिंजीर हवेत)

सई_डोंबिवली
नमस्कार मंडळी. तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी आहे, साडेअकरापर्यंत छान ऊन असतं. फुलपाखरं आणि शिंजीर (फुलांतला मध पिणारे छोटे पक्षी) यावेत म्हणून पेंटास, डबल जास्वंद आणि शेवंती आणली. पेंटासवर अधूनमधून एखादं फुलपाखरू बसतं, जास्वंदीकडे मात्र कुणी फिरकत नाही.

आता मुख्य अडचण. सासूबाईंच्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं आणि जवळ गेले तर ते हलत होतं! त्यातल्या काही आता हिरव्यागार, करंगळीएवढ्या अळ्या झाल्यात. कोवळे शेंडे सगळे फस्त. हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास येतो. नर्सरीवाल्यांनी इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची बाटली दिली आहे. सासूबाई म्हणतात, फवारलेली पानं फोडणीत घालायची नाहीत. काय करू?

सुनंदाकाकू_नाशिक
सई, बाटली उघडूसुद्धा नकोस. तुला हवी असलेली फुलपाखरं तुझ्या कढीपत्त्यावरच बसली आहेत गं! ही लाइम बटरफ्लायची किंवा कॉमन मॉर्मनची पिल्लावळ आहे. लिंबू, पपनस, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली झाडं आणि या अळ्यांना तेवढीच चालतात. तुझ्या शेवंतीला त्या तोंडही लावणार नाहीत, त्यामुळे रोग पसरेल ही भीती काढून टाक.

फुलांतला मध प्यायला फुलपाखरू कुठेही जातं, पण अंडी ठरलेल्या झाडावरच घालतं. मादी पानावर पाय आपटून चव घेते, तिच्या पायांनाच ती कळते. म्हणून नुसती रंगीत फुलं लावली की पाहुणे येऊन निघून जातात. घर करायला त्यांना खायचं झाड लागतं. माझ्याकडे आता कढीपत्त्याच्या दोन कुंड्या आहेत, एक स्वयंपाकाची आणि एक त्यांची. पहिल्यावर अळी दिसली की पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवते. झाड बोडकं दिसलं तरी मरत नाही. थोडं शेणखत दे, नवी पालवी फुटते.

आणखी काय लावशील? हळदीकुंकू लाव, लाल-पिवळ्या फुलांचं. त्यावर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी काळी-पांढरी-पिवळी पट्टेरी, इतकी देखणी की माझी नात तासन्‌तास बघत बसते. त्या झाडाचा चीक विषारी असतो आणि अळी तेच विष अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नकोस, छाटणी करताना हातमोजे घाल. पानफुटी असेल तर रेड पिएरो येईल, त्याची अळी जाड पानाच्या आत शिरून आतला गर खाते. कुंडीत आपोआप उगवलेली घोळ उपटू नकोस, डॅनेड एगफ्लाय तिच्यावर अंडी घालतं. घाणेरी मात्र लावू नकोस, कितीही फुलपाखरं येत असली तरी. डोंगरच्या डोंगर गिळलेत तिने.

रानवाटा_देवरुख
काकूंशी पूर्ण सहमत. शिंजिराचं मी सांगतो. सईताई, तुमची डबल जास्वंद बाजूला करा आणि साधी पाच पाकळ्यांची, गावठी लाल जास्वंद आणा. डबल फुलात पाकळ्यांचीच गर्दी, पक्ष्याला मधापर्यंत पोचायला वाट कुठे आहे? बघा, शिंजीर कधी कधी फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. जोडीला हॅमेलिया किंवा रसेलिया लावा. दोन्ही कुंडीत मजेत वाढतात, बारीक नळीसारखी तांबडी-केशरी फुलं असतात आणि वर्षातला बराच काळ फुलतात. आमच्याकडे रानात हेच काम मुरुडशेंग आणि धायटी करतात. धायटी फुलली की सकाळी तिथून पाय निघत नाही.

पण मूळ मुद्दा असा की शिंजीर मध पितो, पिल्लांना मात्र किडे आणि कोळी भरवतो. फवारणी केलीत तर त्याच्या पिल्लांचं जेवण गेलं. घरटंही तो कोळ्याच्या जाळ्यानेच सांधतो, म्हणून गॅलरीच्या कोपऱ्यातली जाळी झाडताना एखादी राहू द्या. जांभळ्या पाठीच्या शिंजिराने कपड्यांच्या दोरीला घरटं टांगलं तर अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी अडीच आठवडे धरा. तेवढे दिवस त्या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. साखरेचं पाणी ठेवायच्या भानगडीत पडू नका. उथळ परळात साधं पाणी ठेवा, रोज बदला, डासही होत नाहीत.

मळेकरी_जुन्नर
शेतकरी म्हणून एक मुद्दा मांडतो. इमिडाक्लोप्रिड नुसतं पानावर राहत नाही, मुळातून नाहीतर पानातून आत शिरतं आणि फुलातल्या मधात, परागात उतरतं. जमिनीत महिनोन्‌महिने टिकतं. युरोपीय संघाने 2018 मध्ये त्याच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांच्या काळजीनेच. तुमच्या गॅलरीत तर त्याची काहीच गरज नाही.

वांगी-टोमॅटो कुंडीत असतील तर नीट बघा. त्यांचे पराग बंद नळीत असतात, टोकाला बारीक भोक. सातेरी मधमाशीला ते हलवून काढता येत नाहीत. निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा फूल धरून अंग थरथरवतात, तेव्हा पराग गळतात. निळ्या पट्ट्यांची माशी मातीच्या भिंतीत बिळं करते, भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत. आमच्या वस्तीवर जुन्या मातीच्या भिंती पाडून सिमेंट आलं, तेव्हापासून त्या माश्यांना जागा कमी पडते हे मला डोळ्यांनी दिसतंय. बांबूचे वीतभर तुकडे एका बाजूने बंद ठेवून आडवे बांधा, पावसाला तोंड नको. आणि तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. सकाळी तिथे केवढी वर्दळ असते!

गुलाबाच्या पानाला कंपासने काढल्यासारखे गोल काप दिसले तरी घाबरू नका. पान कापणारी माशी ते पिल्लांच्या खोलीला अस्तर म्हणून नेते.

सई_डोंबिवली
काकू, दादा, खूप आभार. बाटली परत करते. सासूबाईंनी स्वतःच एक लहान कढीपत्ता अळ्यांसाठी द्यायचं कबूल केलंय! एक शंका: सगळ्यात मोठी अळी काल झाडावरून उतरून कठड्यावर फिरत होती, आज दिसत नाही. पडली असेल का?

सुनंदाकाकू_नाशिक
नाही गं. कोशात जायची वेळ झाली की ती झाड सोडून जागा शोधते. कुंडीच्या कडेखाली, कठड्याच्या गजाला, शेजारच्या देठांना नीट बघ. कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून तिरकी टेकलेली असेल, हिरवी किंवा तपकिरी, जागेच्या रंगानुसार. हलवू नकोस, सफाईवाल्या बाईंना सांगून ठेव. एक-दोन आठवड्यांत बाहेर येईल. पंख वाळेपर्यंत तास-दीड तास ते उडत नाही, त्या वेळात मांजर गॅलरीत येणार नाही एवढं बघ.