एआयनं काढलेली बैलजोडी कोणाची?

फ्लेक्सवाला, वडसा
दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावच्या जत्रांचा, सीजन लागला की दुकानात आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे बॅनर रात्र रात्र निघतात. यंदा एका गावचा शंकरपट (बैलांची शर्यत) अन् रात्रीचं नाटक, दोन्हीचा मिळून एक फ्लेक्स होता. एआयला ४० वेळा तरी सांगून सांगून बैलजोडी काढून घेतली. अक्षरं कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच बसवली, कारण एआयनं जोडाक्षरांचा पार भुगा केला होता. व्हॉट्सॲपवर टाकला, अन् चौथ्या दिवशी शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदारानं तीच जोडी उचलून दुसऱ्या गावचा बॅनर छापला. विचारलं तर म्हणे, "मशीनचं चित्र, तुझं काय त्यात?" माझं म्हणणं, अशा चित्राला कॉपीराइट पाहिजेच. मेहनत माझी, लाइटबिल माझं.

पेंटर मामा, ब्रह्मपुरी
लाइटबिलावर मालकी ठरत असंल तर चक्कीवाला तुझा आटाही ठेवून घेईल. मी तीस वर्षं नाटकाचे पडदे रंगवले. तुझ्या मशीननं शिकताना कोणाकोणाची चित्रं पाहिली, त्यातल्या एकाला तरी विचारलं काय? आधी दुसऱ्याच्या वावरातली तूर आणायची, अन् मग तिच्या राखणीले कायदा मागायचा!

वकीलभाऊ, नागभीड
मामा, राग बरोबर आहे, पण कायद्यात फ्लेक्सवाल्याला जागा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं एक ओळ आली: संगणकनिर्मित कृती जो घडवून आणतो, तो तिचा कर्ता. मेहनतीचा मुद्दा मात्र सोड भाऊ. सुप्रीम कोर्टानं २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय, नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी सर्जकता लागते.

लायब्ररीतला, भंडारा
१९९४ चा संगणक म्हणजे हातातलं अवजार, वकीलभाऊ. तेव्हा तो स्वतःहून बैल काढत नव्हता. २०२० मध्ये आपल्याच कॉपीराइट कार्यालयानं 'राघव' नावाच्या एआयला एका चित्राचा सहकर्ता म्हणून नोंदवलं, अन् मग नोंदणी मागं घ्यायची नोटीस काढली. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टानं, एआयच्या चित्रावर हक्क मागणाऱ्या थेलरच्या खटल्यात, सांगितलं की कर्ता माणूसच पाहिजे. अन् हक्क दिला तर कर्त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं. दिवसाला शंभर बैलजोड्या काढणाऱ्याला एवढं कुंपण कायले?

वकीलभाऊ, नागभीड
थेलरनं मशीनलाच कर्ता म्हटलं होतं, म्हणून हरला. फ्लेक्सवाला तर स्वतःला कर्ता म्हणतो. बीजिंगच्या इंटरनेट कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये, सूचना निवडणाऱ्या-बदलणाऱ्या माणसाला हक्क दिलाच ना?

पेंटर मामा, ब्रह्मपुरी
चीनचं राहू दे. मी तो फ्लेक्स झूम करून पाहिला. उजव्या बैलाचा कासरा येसणीला नाही, कानातून निघाला आहे! ज्यानं जन्मात एकदा बैल धरला तो असा काढणार नाही. अन् तू तर शेतकऱ्याचा पोरगा.

फ्लेक्सवाला, वडसा
मामा, चुकलंच. दोन्ही बैलांचं तसंच आलं होतं. डाव्याचा कासरा मी कोरलमध्ये दीड तास बसून नीट केला, येसण रेखाटली, शिंगांना रंग दिला. उजव्याच्या वेळी गिऱ्हाईक डोक्यावर येऊन बसलं.

लायब्ररीतला, भंडारा
मग डावा बैल तुझा! अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या जानेवारी २०२५ च्या अहवालात हेच आहे: नुसत्या सूचना देऊन हक्क मिळत नाही, पण माणसानं हातानं केलेला बदल अन् मांडणी, तेवढ्यापुरता मिळू शकतो. तेवढं मलाही मान्य.

पेंटर मामा, ब्रह्मपुरी
हे पटलं. हात लागला तेवढा तुझा. त्या दुकानदाराले डाव्या बैलाचा हिशोब माग.

फ्लेक्सवाला, वडसा
आत्ताच त्याचा बॅनर पुन्हा पाहिला. बक्षीस देणाऱ्यांचे फोटो बसवायला त्यानं डावा बैल कापून टाकला. कानात कासरा असलेला तेवढा ठेवला.